शून्य लिहिलेले दिवस

ताई,

माझे वडील गेल्या डिसेंबरात गेले. वय ६७. कळमन्याच्या मिरची बाजारात हमाल होते, त्याआधी इतवारीत. १९८१ मध्ये पवनीकडून एका पिशवीनिशी नागपुरात आले आणि गुडघे साथ देईनात तोपर्यंत पोती वाहिली. आम्हा बहीण-भावांना शिकवलं, भरतवाड्याकडे दोन खोल्यांचं पक्कं घर बांधलं. आता वर्षश्राद्ध तोंडावर आलंय. भावाला चौकात मोठा फ्लेक्स लावायचाय, पाचशे माणसांचं जेवण घालायचंय आणि पेपरात जाहिरात द्यायची आहे. मजकूर मी लिहायचा, कारण मी शाळेत मराठी शिकवते. आठ दिवस झाले, 'कष्टाळू' या शब्दापुढे पेन सरकत नाही. भावानं त्याचा मसुदा पाठवला, 'कष्टाळू, कुटुंबवत्सल, निर्व्यसनी.' बाबा रोज दोन पुड्या तंबाखू-सुपारीचा खर्रा खायचे.

खरी अडचण वेगळीच आहे. मला बाबा फारसे आठवतच नाहीत. आम्ही उठायच्या आत जायचे, यायचे ते थकून. लहानपणी धावत गेलं की 'दूर सरक व माय' म्हणून हातानं मागे लोटायचे. दहावीच्या पेपरला मला मामानं सोडलं. एकदाच पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक बघायला खांद्यावर बसवून नेलं होतं, तेवढं लख्ख आठवतं. आई त्यांचे कपडे आमच्या कपड्यांत कधी भिजवायची नाही, त्यांची बादली वेगळी. अजूनही त्यांचा दुपट्टा ती खुंटीवरून काढू देत नाही. पलंगाखालच्या पेटीत २३ वह्या सापडल्या. मोठ्या आशेनं उघडल्या. रोजची तारीख, पोत्यांचा आकडा, पैसे. मधूनमधून नुसतं शून्य. आमच्याबद्दल अक्षर नाही. भाऊ म्हणतो, रद्दीत दे. जो माणूस नीट माहीतच नाही, त्याची आठवण कशी काढायची? आणि असं वाटणं पाप आहे का?

— एक लेक, नागपूर

प्रिय लेकी,

वयानं मोठी आहे, म्हणून एकेरीत लिहिते. पापाचा प्रश्न आधी मिटवू. पाप वगैरे काही नाही. बाप दिवसभर घराबाहेर राबत असेल तर पोरांच्या वाट्याला त्याची पाठच येते, सकाळी जाताना दिसते तेवढी. तू एकटी नाहीस. माझे वडील अजनीला रेल्वेत होते. त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाचा मजकूर मीच लिहिला होता. परवा तुझं पत्र आल्यावर ते कात्रण काढून वाचलं. 'अविरत कष्ट', 'प्रेमळ छत्रछाया', 'आपल्या पवित्र स्मृतीस'. वरचा फोटो बदलला तर तोच मजकूर गल्लीतल्या कोणाच्याही वडलांना चालला असता. लाज वाटली.

आता तुझं पत्र परत वाच, पण या वेळी माझ्याबरोबर. तू एका ओळीत लिहिलंस की धावत गेलं की बाबा लोटून द्यायचे. चार ओळी खाली लिहिलंस की आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. या दोन ओळींची गाठ तू घातली नाहीस. बाबा मिरचीचे हमाल होते, बाई!

मी पेपरात होते तेव्हा एका बातमीसाठी मिरचीच्या शेडमध्ये एक सकाळ काढली होती. पहिल्या पाच मिनिटांत शिंका, दहाव्या मिनिटाला खोकला, आणि मग मी मूर्खासारखा डोळ्यांना हात लावला. पुढचा अर्धा तास नळाखाली. शेवटी एका म्हाताऱ्या हमालकाकांनी खोबरेल तेलाची बाटली पुढे केली. म्हणाले, "पान्यानं काय होते बाई, आधी तेल चोपडा, मंग साबन लावा." पुढे कळलं की त्यांचं शास्त्र पक्कं होतं. मिरचीचा जाळ ज्या कॅप्सेसिनमुळे असतो ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. नुसत्या पाण्यानं ते अंगभर पसरतं. त्या काकांच्या मानेवर, जिथे पोतं टेकतं तिथे, कातडी जाड आणि काळी झालेली होती, आणि घामाबरोबर तिखट पाठीवरून खाली उतरत होतं. असा माणूस संध्याकाळी घरी येतो. समोरून चार वर्षांची पोर हात पसरून धावत येते, तिचा गाल नेमका त्याच्या सदऱ्यावर घासणार असतो. तो काय करेल?

हेच कारण होतं असं मी इथे बसून छातीठोक सांगू शकत नाही. काही माणसं पोरांना जवळ घेतच नसत, त्या पिढीत तर अशी बरीच होती. पण ज्याला उत्तर ठाऊक आहे ती तुझ्याच घरात बसली आहे. आईला विचार. "बाबांचं आमच्यावर प्रेम होतं का" असलं काही विचारू नको, ती रडेल आणि "हो" म्हणेल, तुझ्या हाती काहीच लागणार नाही. विचार की, "बाबा घरी आल्यावर आधी काय करायचे? आंघोळ कुठे करायचे? आंघोळ झाल्यावर आम्ही कुठे असायचो, झोपलेलो असायचो का?" कदाचित ती सांगेल की ते तेल लावून, आंघोळ करून यायचे तोवर तुम्ही दोघं झोपलेली असायचात. झोपलेल्या पोराला मग बापानं जवळ घेतलं की नाही, हे पोराला कुठून आठवणार? ते आईनं पाहिलेलं असतं.

दुपट्टा खुंटीवरच राहू दे. धुऊ नको, त्याची फ्रेमही करू नको. तो तिचा आहे.

आता वह्या. भावाला सांग, रद्दीवाल्याला घरातली बाकी सगळी रद्दी दे, या २३ वह्यांना हात लावशील तर बघ. तुझी निराशा मला कळते. आपण अशा वेळी वहीत पत्र शोधतो, कविता शोधतो, निदान 'आज मुलीचा वाढदिवस' एवढं तरी शोधतो. हमालाच्या वहीत हमाली असणार. पण तू मराठीची मास्तरीण आहेस, मजकूर वाचायला तू शिकवतेस. मग हाही मजकूर वाच की. एक तारीख, एक आकडा, एक रक्कम. आणि तू जाता जाता लिहून गेलीस ते शून्य.

मला सगळ्यात जास्त त्या शून्याचं कुतूहल आहे. पोती उचलली तर हमाली, नाही उचलली तर नाही. तुझ्या बाबांच्या लेखी शून्य म्हणजे त्या दिवशी घरात दमडी आली नाही. तरी तो दिवस त्यांनी कोरा सोडला नाही, तारीख घालून समोर शून्य मांडलं. म्हणजे त्या दिवसाचा हिशोब त्यांच्या डोक्यात होता. मग ते त्या दिवशी होते कुठे?

सगळी शून्यं सारखी नसतील, हे आधी सांगते, नाहीतर तू प्रत्येक शून्यावर अश्रू ढाळत बसशील. पावसाळ्यात मिरचीची आवक रोडावते. तेव्हाची शून्यं बहुतेक कामच नसल्याची. दिवाळीची, बाजार बंद असल्याची, संपाची शून्यं बाजूला काढ. आजारपणाची ओळखू येतील, ती सलग असतात आणि नंतरचे आकडे लहान असतात. हे सगळं वजा केल्यावर उरतील ती शून्यं बघ. विशेषतः हिवाळा सरताना ते उन्हाळा लागेपर्यंतची. तेव्हा भिवापूरकडचा माल असतो, आंध्र-तेलंगणाकडून ट्रक लागलेले असतात, शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि हमालाची खरी कमाई त्याच दिवसांत होते. अशा भर हंगामात, आदल्या दिवशी ८५ पोती आणि दुसऱ्या दिवशी ९२ पोती असताना, मध्येच एक शून्य आलं, तर तिथे थांब.

मग घरातली कागदपत्रं काढ. तुम्हा दोघांचे जन्मदाखले, शाळेत नाव घातल्याची तारीख, आजी गेली तो दिवस, घराचा स्लॅब पडला तो दिवस, तुला किंवा भावाला दवाखान्यात ठेवलं असेल ते दिवस. दाखल्याची तारीख आणि वहीची तारीख शेजारी ठेव. दहावीच्या पेपरांची तारीखही ठेव. पण तिथे मनाची तयारी करून जा. मार्च महिना म्हणजे ऐन हंगाम. त्या दिवशी शून्य नसेल, शंभर पोती असतील, तर ती तशीच वाच. प्रत्येक दुखावर वहीत उतारा मिळेलच असं नाही. मामानं सोडलं ते मामानंच सोडलं. आणि शून्य निघालं तर आईला विचार, त्या दिवशी ते कुठे होते. परीक्षा केंद्राबाहेर रस्त्याच्या पलीकडे उभे होते अशी सिनेमातली गोष्ट मनाशी रचू नको. कदाचित ते दिवसभर घरी झोपले असतील. माणूस होते.

आणखी एक बारीक गोष्ट. वहीतला आकडा त्यांच्या एकट्याचा की टोळीचा? बाजारात हमाल टोळीनं काम करतात आणि हमाली वाटून घेतात. आकडा एकट्याचा असेल तर ९० पोती, एक पोतं चाळीस किलोचं जरी धरलं, तरी दिवसाला साडेतीन टनांच्या वर होतं. टोळीचा असेल तर हिशोब बदलेल. हे घरात कोणाला माहीत नसणार. ते मुकादमाला माहीत असेल. म्हणजे तुला कळमन्याला जावंच लागणार आणि तेच मला हवंय.

आपल्याकडे माणूस गेला की आपण त्याच्या घरच्यांना विचारतो, तो कसा होता. राबणारा माणूस जागेपणीचा बहुतेक वेळ तिकडे घालवतो आणि तिकडच्यांना कोणी विचारतच नाही. तुझ्या बाबांना पोतं उचलताना तू पाहिलंयस का? त्यांना मोठ्यानं हसताना? टोळीतल्या माणसांनी पाहिलंय. त्यांच्यातले जुने लोक अजून असतील, पण फार वर्षं नसतील. या कामात माणूस लवकर झिजतो. श्राद्ध होईपर्यंत थांबू नको, या आठवड्यात जा.

तिथे गेल्यावर "माझे वडील कसे होते" असं विचारलंस तर "लय चांगला मानूस होता" एवढंच ऐकून परत येशील. लहान लहान विचार. पोतं कोणत्या खांद्यावर घ्यायचे? थप्पी लावताना वर चढायचे की खालून द्यायचे? डबा कुठे बसून खायचे, कोणाबरोबर? डब्यातलं काय दुसऱ्याला देऊन टाकायचे? भांडण कोणाशी झालं होतं, कशावरून? उधार कोणाला दिलं होतं? मुलं शिकतात हे सांगायचे का? हा शेवटचा प्रश्न शेवटीच विचार, आणि विचारण्याआधी फोनवर रेकॉर्डिंग सुरू आहे ना ते बघ, अर्थात त्यांना विचारून. जी माणसं घरी गप्प असतात ती बाजारात पोरांच्या मार्कांचा पाढा वाचतात, असं मी एकाहून जास्त वेळा पाहिलंय. तुझ्या बाबांचं तसं असेलच असं नाही. जे असेल ते ऐकून घे.

बाजारात असतानाच एक व्यवहाराचं काम उरकून घे. १९६९ च्या माथाडी कायद्यानं हमालांची मंडळाकडे नोंदणी, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी अशी सोय केली. पाठीवर ओझी वाहणाऱ्याला कोणी मालक नसतो, म्हणून मंडळानं मालकाच्या जागी उभं राहावं, अशी त्यामागची कल्पना. बाबांची नोंदणी होती का, ते मुकादमाला विचार. असेल तर काही येणं बाकी आहे का, याची नागपूरच्या माथाडी मंडळात चौकशी कर. जाताना मृत्यूचा दाखला, आईचं आधार, बँक पासबुक आणि बाबांचा नोंदणी क्रमांक जवळ ठेव. बँकेतल्या खात्याला नॉमिनी लावलेला आहे का, तेही बघ. आणि लावलेला असला तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसे घेऊन वारसांपर्यंत पोचवणारा, हे भावाला आत्ताच, भांडण व्हायच्या आधी, सांगून ठेव. पैशाचं बोलणं या प्रसंगी बरं दिसत नाही असं तुम्हाला वाटत असेल. ज्या माणसानं रोजचा आकडा लिहून ठेवला, त्याला याचं वाईट वाटणार नाही.

फ्लेक्सचं मी फार लिहीत नाही. महापालिकेच्या परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे. लावलाच तर आठ दिवसांत त्याच्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चढेल आणि बाबांचा अर्धा चेहरा खालून डोकावत राहील, ते तुला बघवणार नाही. जेवणाचं मात्र भावाशी भांडू नको. पाचशे पानं तुला उधळपट्टी वाटते. त्याला वाटत असेल की ज्या माणसाला आयुष्यभर कोणी बस म्हटलं नाही, त्याच्या नावानं पाचशे माणसं बसावीत. मुलग्यांना अनेकदा पैशाखेरीज दुसरी भाषा शिकवलेलीच नसते. कर्ज काढत नसेल तर करू दे. फक्त पहिली पंगत टोळीची असावी, एवढा हट्ट धर. व्याही, नगरसेवक, शाळेतल्या सहकारी बाई नंतरच्या पंगतीला बसतील. आणि बाजाराची वेळ बघून पंगतीची वेळ ठरव, नाहीतर ती माणसं येऊच शकणार नाहीत.

आता जाहिरात, ज्यासाठी तू पत्र लिहिलंस. 'निर्व्यसनी' आधी खोड. सगळ्या मोहल्ल्यानं त्यांना खर्रा घोटताना पाहिलंय. पेपर हातात घेऊन पहिला पानठेलेवालाच हसेल. खर्ऱ्याचं कौतुक करायचं नाही, तो लिहायचाही नाही, नुसतं खोटं टाळायचं. 'कुटुंबवत्सल' हा शब्द मी आयुष्यात कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही, तो फक्त श्रद्धांजलीत राहतो. 'कष्टाळू' खोटा नाही, पण आळशी माणसाच्या जाहिरातीतही तोच असतो. त्याच्या जागी कष्ट लिही. १९८१ लिही, पवनी लिही, इतवारी आणि कळमना लिही. किती वर्षं, कोणता माल, ते लिही. वह्यांतून एखादा आकडा घे. बाबा हमाल होते हा शब्द जाहिरातीत येऊ दे. भावाच्या मसुद्यात तो नाही, माझ्या लक्षात आलंय. 'व्यवसायानिमित्त नागपुरात' असं काहीतरी त्यानं योजलेलं असणार. त्याला ऑफिसातले लोक वाचतील याची काळजी असेल. त्याच्याशी शांतपणे बोल. तू त्याची मोठी बहीण आहेस ना? पत्रावरून मला तसं वाटलं.

जागा कमी पडली तर विशेषणं काढ, गावांची नावं काढू नको. मारबतीची आठवण जाहिरातीत घालू नको, ती तुझी आहे. वर्गात मुलांना सांग कधी. इतवारीतली ती गर्दी, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' असा ओरडा, आणि रोज चाळीस किलो उचलणाऱ्या खांद्यावर पंधरा किलोची पोर. बाबांना ते ओझं वाटलं नसावं असं लिहिण्याचा मोह होतोय, पण रोजच्या कामानं थकलेल्या खांद्याला ते नक्कीच जड लागलं असेल. तरी नेलं. आणि त्या दिवशी सदरा धुतलेला असणार, नाहीतर तुझ्या पायांची आग झाली असती आणि तीच तुझ्या लक्षात राहिली असती. तोही दिवस वहीत शोध. पोळ्याचा दुसरा दिवस, वर्ष आईला आठवेल.

सकाळी लवकर जा, लिलावाच्या आधी. भाव सुरू झाले की कोणाला बोलायला सवड नसते. रिकाम्या हातानं जाऊ नको, टोळीपुरता चहा सांग. नाकातोंडावर दुपट्टा बांध, पर्समध्ये खोबरेल तेलाची छोटी बाटली ठेव, आणि काही झालं तरी डोळ्यांना हात लावू नको.

तुझी,
ताई